परत म्हण

वाण्याकडे पिटाळण्याआधी माई आम्हाला उंबऱ्यात अडवायची.

"काय आणायचं?"

"गूळ, शेंगदाणे, रॉकेल."

"परत म्हण."

"गूळ, शेंगदाणे, रॉकेल."

"आता शेवटून म्हण."

पंचवटीतल्या आमच्या घरापासून दुकान असेल शंभर पावलांवर. पण त्या शंभर पावलांत काय काय आडवं यायचं! गोट्यांचा डाव, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, निघालेले यात्रेकरू, कुणाच्या तरी मुंजीची वाजंत्री, दावं तोडून सुटलेली म्हैस. दुकानाच्या फळीशी पोचेपर्यंत शेंगदाण्यांचे साबुदाणे झालेले असायचे, आणि उद्या एकादशी असली तर वाण्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरी आल्यावर माई पिशवीत डोकावून म्हणायची, "शेवटून म्हटलं नव्हतंस." ते खरंच असायचं.

आम्ही सहा नातवंडं. दादा, ताई, मधली दोघं, मी आणि धाकटा. सख्खे-चुलत हा हिशेब आम्हाला लग्नपत्रिका छापायची वेळ आली तेव्हा कळला. आता आम्ही सगळे साठीच्या आगेमागे आहोत, चार गावांत विखुरलो आहोत आणि मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपचं नाव 'परत म्हण' असंच आहे. तिथे जुनी गोष्ट निघाली की सहा जणांच्या सहा आवृत्त्या येतात. म्हणून दादानं कायदा केला आहे: चौघांचं जुळलं की ते खरं. पुढे जे लिहिलंय ते त्या कायद्यातून पार पडलेलं आहे. जिथे तीन विरुद्ध तीन झाले, तिथे मी माझी बाजू घेतली. लिहिणाऱ्याला एवढं तरी मिळायला हवं.

मोठं भांडण झालं ते भाऊआजोबांवरून. २०२५ च्या अखेरीला बातमी आली की अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या मुलानं काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पुरं केलं. सुमारे दोन हजार मंत्र, पोथी न बघता. बातमीत असंही होतं की याआधीचं असं पारायण सुमारे २०० वर्षांपूर्वी झालं होतं आणि ते नाशिकात. ताईनं लगेच टाकलं, "भाऊआजोबा असते तर पेढे वाटले असते." मधला म्हणाला, "पेढे नाही, चुका काढल्या असत्या." चार विरुद्ध दोन मतांनी चुका मंजूर झाल्या.

भाऊआजोबा म्हणजे आण्णांचे, आमच्या आजोबांचे, थोरले भाऊ. पहाटे रामकुंडावर स्नान, मग ओसरीवर बसून पाठ. आम्हाला अर्थाचा गंध नव्हता, पण चाल पाठ होती, कारण ती एक कसरतच होती. सरळ म्हणणं ती संहिता. शब्द सुटा करून म्हटला की पद. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशी जोड्यांची साखळी केली की क्रम. जोडी सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ म्हटली की जटा. आणि घन म्हणजे पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा. तीन शब्दांसाठी तेरा शब्द बोलायचे. एवढं ज्याला साधतं तो घनपाठी.

आम्हा पोरांना मंत्र म्हणायची परवानगी नव्हती, पण चालीवर कुणाची मालकी नसते. मागच्या अंगणात आमची जटा चालायची: "गूळ शेंगदाणे, शेंगदाणे गूळ, गूळ शेंगदाणे, शेंगदाणे रॉकेल, रॉकेल शेंगदाणे, शेंगदाणे रॉकेल." एकदा भाऊआजोबा मागून येऊन उभे. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून सगळे गप्प. त्यांनी मधल्याकडे बोट केलं. "तू रॉकेल दोनदा म्हणालास. शेंगदाणे खाल्लेस एकदा." आणि आत निघून गेले. हसले का नाही, यावर ग्रुपवर अजून एकमत नाही.

पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात शिरली. त्यांनी आमचं पाठांतर तपासलं नव्हतं, त्यांना वाणसामानाची यादीही माहीत नव्हती. नुसत्या घडणीवरून त्यांना कळलं होतं की एक शब्द गळला. प्रत्येक शब्द शेजाऱ्याला पुढून-मागून बांधलेला, त्यामुळे एखादा निसटला की दोन्हीकडची गाठ सुटलेली दिसते. शिवाय संस्कृतात शब्दांचा क्रम उलटला की संधी बदलतात. म्हणजे संधीत झाकलेलं शब्दाचं मूळ रूप एकदा डावीकडून उघडं पडतं, एकदा उजवीकडून. कानाकडून कानाकडे जाणारा मजकूर, मध्ये झोप, खोकला, विसराळू शिष्य. हे सगळं धरूनच ज्यांनी तो पाठ बांधला त्यांना माणसाचा चांगला अनुभव असणार. या परंपरेला युनेस्कोनं २००३ साली मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं. आम्हाला ती वाणसामानासाठी उपयोगी पडली.

आता तारेची गोष्ट.

मे १९७७. आत्या जबलपूरला दिलेली. सुट्टीत दोन पोरांना घेऊन एकटीच माहेरी यायची होती. तार आली: ४ तारखेला पहाटे पोचते. आण्णा ३ तारखेच्या रात्रीच शेवटच्या बसनं नाशिक रोडला गेले. स्टेशन गावापासून लांब, पहाटे वाहन मिळण्याची खात्री नाही, म्हणून रात्र बाकावर काढायची ठरलेलं. गाडी आली, गेली. आत्या नाही. पुढची आली, गेली. आण्णा दुपारी घरी आले ते बोलतच नव्हते. माईनं देवापाशी दिवा लावला. आणि ५ तारखेला सकाळी सात वाजता टांगा दारात उभा राहिला. टांग्यात आत्या, दोन पोरं, एक वळकटी आणि तिचा तो चेहरा. पहाटे चारपासून ती प्लॅटफॉर्मवर पोरांना मांडीवर घेऊन बसली होती. "माझी आठवण ठेवणारं कुणी उरलंच नाही का?" हे तिचं वाक्य आम्हा सहाही जणांना शब्द न् शब्द आठवतं. एवढ्या वर्षांत या एकाच वाक्यावर मतदान घ्यावं लागलेलं नाही.

तिनं पाठवताना ५ लिहिलं होतं. पावती होती तिच्याकडे. वाटेत कुठल्या तरी ऑफिसात पाचाचे चार झाले. मोर्सच्या लिपीत ५ म्हणजे पाच टिंबं आणि ४ म्हणजे चार टिंबं आणि शेवटी एक रेघ. पाचवं टिंब जरा लांबलं की आत्या एक दिवस आधी निघाली! कट्टच्या जागी कडकट्ट ऐकू आलं, एवढंच झालं असणार, हा दादाचा तर्क. तारेच्या वरच्या ओळीत शब्दांची संख्या लिहिलेली असायची आणि घेणारा ती मोजून बघायचा. तिचा उपयोग शब्द गळला तर. इथे शब्द सगळे होते. फक्त एक आकडा दुसऱ्याच आकड्याचं सोंग घेऊन आला होता, आणि मोजणीला सोंग ओळखता येत नाही.

त्या संध्याकाळी माईनं नियम घातला. यापुढे तारेत तारीख एकटी जाणार नाही. तारीख आणि वार. आण्णा पोस्टाच्या पैशांबाबत फार काटेकोर. तार शब्दावर मोजायची, प्रत्येक जादा शब्दाला पैसे. ते म्हणाले, "तारीख लिहिली की वार आलाच की. कालनिर्णय कशाला टांगलंय भिंतीवर?" माई म्हणाली, "म्हणूनच. '४ गुरुवार' असं आलं असतं तर कालनिर्णयात बघून तुम्हालाच कळलं असतं की काहीतरी घोटाळा आहे. ४ ला बुधवार होता."

आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग, हरलेला माणूस काढतो तशी, एक शंका काढली. "घोटाळा आहे हे कळलं असतं. पण तारीख चुकली की वार चुकला, हे कसं कळणार? मी बुधवारी जायचं का गुरुवारी?"

माईनं तांदळातला खडा बाजूला टाकला. "मग तिथी पण घाला."

५ मेला वैशाख वद्य द्वितीया होती. तारीख, वार, तिथी या तिघांपैकी एक बिघडली तरी उरलेल्या दोघी एकाच दिवसाकडे बोट दाखवणार. नुसती चूक कळणार असं नाही, दुरुस्तही होणार, आणि तीसुद्धा इकडेच, परत तार करून विचारायला न लागता. आण्णांनी मान्य केलं, पण हिशेबाच्या वहीत तारेच्या खर्चापुढे कायम लिहीत राहिले: 'पैकी तिथी' आणि पुढे रक्कम. ती वही दादाकडे आहे.

लग्नमुंजीच्या शुभेच्छांना मात्र आण्णांचा कंजूषपणा चालायचा. पोस्टानं ठरावीक वाक्यांना नंबर देऊन ठेवले होते; नवदांपत्याला दीर्घ आणि सुखी संसाराच्या शुभेच्छा द्यायच्या तर नुसता ८ लिहायचा, दिवाळीला १. पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य छापील कागदावर पोचतं करणार. माईला ती सोय अजिबात पसंत नव्हती. "आठाचा एक झाला तर लग्नात दिवाळी करतील."

टेलिफोन आमच्याकडे फार उशिरा आला. तोवर आमचा नंबर 'पी. पी.' होता, म्हणजे शेजारच्या डॉक्टरांचा. ट्रंक कॉल बुक करायचा आणि दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसायचं, आपला नंबर आजाराचा की फोनचा हे कंपाउंडर विचारायचा. ऑर्डिनरी लागायला तासन्‌तास, अर्जंटला दुप्पट पैसे, आणि लायटनिंग नावाचा एक प्रकार होता त्याचं नाव घरात फक्त कुणी गेलं तरच निघायचं. कॉल लागला की तीन मिनिटं. पहिलं मिनिट 'हॅलो हॅलो, ऐकू येतंय का' यात, शेवटचं 'बरं मग, ठेवतो' यात. मधल्या मिनिटात खरखर, समुद्राची गाज, आणि भलत्याच दोन माणसांचं कापसाच्या गाठींवरून चाललेलं बोलणं.

ताईच्या मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ती जबलपूरला आत्याकडे होती. बाबांनी इथून ट्रंक लावला. बाबा नाशिक रोडला प्रेसमध्ये, जिथे देशाची तिकिटं आणि पाकिटं छापतात तिथे. सबंध दिवस मोजलेलं पुन्हा मोजणं हा त्यांचा धंदा. तरी फोनवर ते एकदाच बोलले, "एकोणसत्तर टक्के!" ताईला ऐकू आलं, "एकोणस..." आणि मग खर्रर्र. तीन मिनिटं झाली, फोन कटला. एकोणसाठ म्हणजे फर्स्ट क्लास एका टक्क्यानं हुकला. एकोणसत्तर म्हणजे आनंदीआनंद. आमच्या आकड्यांची गंमत बघा, खरी बातमी शेवटच्या अक्षरांत असते. एकोण म्हटलं की फक्त 'एक कमी' एवढं कळतं, कशाहून कमी ते नंतर. ताई रात्रभर रडली. आत्यानं पेढे आणून ठेवले होते ते झाकूनच ठेवले. पत्र पोचलं पाचव्या दिवशी, तोवर पेढे आंबले होते. हा शेवटचा तपशील ताईचा एकटीचा आहे, पण पेढे तिचे होते म्हणून मी तो धरला.

फोनवर आकडे का चुकतात याचं कारण पुढे धाकट्यानं सांगितलं ते मला फार आवडलं. टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जाऊ देत. 'स', 'श', 'फ' यांचा जो फुसफुसणारा जीव असतो तो बराचसा त्याच्या वर. म्हणजे सात म्हटलं तरी पलीकडे पोचतो 'आत', आणि मग ऐकणारा त्याचा आठ करतो नाहीतर साठ. ही अडचण माणसाच्या कानाची नव्हती. तिथे पोचतच नव्हतं काही.

निकालानंतर घरात फोनवर आकडा सुटा सांगायची वहिवाट पडली. "सहा, नऊ. सहा, नऊ. साठ आणि वर नऊ." २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांच्यावर लोक तुटून पडले, विनोदांना ऊत आला. आमच्या ग्रुपवर मात्र शांतता होती. आमच्या घरात ट्रंक कॉलनं ते चाळीस वर्षांपूर्वीच लागू केलं होतं. मराठीची हानी झाली असेल तर दवाखान्यातल्या त्या बाकावरच झाली.

रेल्वेकाका या सगळ्यांत सुखी. ते मनमाड-इगतपुरी पट्ट्यातल्या एका लहान स्टेशनावर असिस्टंट स्टेशन मास्तर. सुट्टीत आम्ही आठ-आठ दिवस त्यांच्याकडे जायचो, आणि त्यांच्या खोलीत 'हात लावायचा नाही' या अटीवर बसायला मिळायचं. गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडायची तर तिथून लाइन क्लियर हवी. फोनवर नुसतं 'सोडा' म्हणून चालायचं नाही. पलीकडच्यानं आपल्या कागदावरच्या यादीतला पुढचा दोन आकडी नंबर द्यायचा, कुठल्याही क्रमात न बसणारा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत. काका तो मोठ्यानं परत म्हणायचे: "प्रायव्हेट नंबर पाच आठ, अठ्ठावन्न." पलीकडून हो आलं की रजिस्टरात लिहायचे. पलीकडे तो नंबर खोडला जायचा, त्याचं काम संपलं.

ताईनं विचारलं होतं, नंबरच का? काका म्हणाले, "हो हो म्हणायला झोपेतलं माणूसही म्हणतं. अठ्ठावन्न म्हणायला जागं असावं लागतं."

इथे काका माईच्या एक पाऊल पुढे होते. माई निरोप भक्कम बांधून पाठवायची. काकांना तो पोचल्याची पोच हवी असायची, आणि पोच मिळाल्याशिवाय त्यांचा हिरवा झेंडा हलायचा नाही. आजही दोन कॉम्प्युटर बोलू लागण्याआधी तसंच करतात म्हणे. एक म्हणतो बोलू का, दुसरा म्हणतो ऐकलं, बोल. पहिला म्हणतो, ऐकलंस ते ऐकलं. मग खरं काम सुरू. त्यांच्याकडे झेंडा नसतो एवढंच.

आणि पावसाळ्यातला फोन! गंगेला पूर आला की बाहेरगावच्या सगळ्या माहेरवाशिणींचे जीव टांगणीला. गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक सोडलं हे रेडिओ सांगायचा, पण तो आकडा खरखरीत कुणाला कळणार, आणि कळला तरी त्यातून पाणी कुठवर आलं ते कसं समजणार? नाशिकची त्याला आपली मोजपट्टी आहे, गंगेवरचा दुतोंड्या मारुती. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. आण्णा ट्रंकवर एवढंच ओरडायचे: "मारुतीच्या कमरेला!" आत्या पलीकडून ओरडायची, "कमरेला?" "कमरेला!" झालं. दोन्ही घरं झोपायला मोकळी. छातीला असलं तर सामान माळ्यावर. गळ्याला असलं तर फोन करायला दवाखाना उघडा नसायचाच, तोही पाण्यात.

त्या शब्दांकडे आता बघते तेव्हा वाटतं, ठरवून निवडले असते तरी इतके चांगले निवडता आले नसते. गुडघे, कंबर, छाती, गळा. एकाचा दुसऱ्याशी ध्वनीचा काही संबंध नाही. खरखरीत निम्मं अक्षर गेलं तरी 'कंब' ची छाती होत नाही. साठ-सात-आठ हे एकमेकांना खेटून उभे राहिलेले शब्द. धक्का लागला की एक दुसऱ्याच्या जागी पडतो. मारुतीचे शब्द ऐसपैस अंतरानं उभे आहेत. आणि दोन्हीकडच्यांनी मारुती डोळ्यांनी पाहिलेला, हेही महत्त्वाचं. जबलपूरच्या माणसाला 'कमरेला' सांगून काही कळलं नसतं.

धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीला आला तो एक नवं नाव घेऊन. क्लॉड शॅनन. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या या माणसानं १९४८ साली एक लेख लिहिला, असं तो ओट्यावर बसून सांगायला लागला. तोवर लोकांची समजूत अशी की ओळ खराब असली की दोनच उपाय: मोठ्यानं ओरडा, नाहीतर तेच तेच पुन्हा सांगा, आणि चूक जितकी कमी हवी तितका वेग गमवा. शॅननचं म्हणणं, प्रत्येक ओळीला तिची एक ताकद असते. तिच्या आत राहून बोललात आणि निरोप नीट गुंफलात, तर चूक हवी तितकी दुर्मीळ करता येते, आणि त्यासाठी वेग शून्यावर न्यावा लागत नाही. अशी गुंफण असते, एवढं त्यानं सिद्ध केलं. ती कशी करायची हे शोधण्यात पुढच्यांच्या पिढ्या गेल्या. त्याच प्रयोगशाळेतला रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी मशीनवर गणितं लावून जायचा आणि सोमवारी येऊन बघावं तर मशीननं कुठेतरी चूक पकडून गणित सोडून दिलेलं. तो वैतागला. मशीनला चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये? त्यातून १९५० साली त्याचा लेख आला: चार खऱ्या बिटांना तीन राखणदार असे जोडायचे, की सातांतला कुठलाही एक बिघडला तर कुठला ते कळतं आणि तो सरळ करता येतो.

माई तांदूळच निवडत होती. आमच्या आठवणीत ती कायम तांदूळ निवडते. खरं तर तिला इतरही कामं होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे वार आणि तिथी घालायची, एवढंच ना?"

धाकटा आधी हसला आणि मग गप्प झाला. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला चूक दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक रचनेचं सोपं उदाहरण विचारलं, तेव्हा त्यानं तारीख-वार-तिथी सांगितली. परीक्षक मराठी निघाले. चष्मा काढून म्हणाले, "आणि तिथीचा क्षय असला तर?" धाकट्याचा दावा आहे की त्याला त्या पेपरात सर्वाधिक मार्क मिळाले. मतदान: दोन विरुद्ध चार.

पुण्याहून यायचा रस्ता नारायणगावावरून. एसटीच्या खिडकीतून आर्वीच्या उपग्रह केंद्राची अवाढव्य छत्री दिसली की आम्ही पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायचो. तिला विक्रम साराभाईंचं नाव दिलंय हे नंतर कळलं. तिथून जवळच खोडदला पुढे गोविंद स्वरूप यांच्या मंडळींनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली, ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. ज्या आवाजाला आम्ही ट्रंक कॉलवर शिव्या घालायचो तसल्याच खरखरीत तिथे आकाशातलं काही शोधतात, म्हणून आजूबाजूला शांतता लागते. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, त्याची क्षीण हाक पृथ्वीवर ऐकली ती खोडदच्या याच छत्र्यांनी. उतरायच्या ठरल्या वेळेच्या थोडं आधी ती थांबली. यान आदळलं होतं. धाकट्यानं हे ग्रुपवर टाकलं तेव्हा रात्र होती. खाली रेल्वेकाकांच्या मुलीनं एवढंच लिहिलं, "पोच आली नाही."

हल्ली खरखर राहिली नाही. म्हणजे आहेच, पण आपल्याला ऐकू येत नाही. आमच्यासाठी दुसराच कुणी आत बसून परत म्हणून घेतो. पंचवटीच्या बाजारात मी जिच्याकडून भाजी घेते तिच्या गाडीवरच्या क्यूआर कोडाला हळदीचा हात लागलेला आहे, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय, वर पावसाचे ओघळ. तरी तो पहिल्या झटक्यात वाचला जातो. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत राखणदार इतके पेरलेले असतात की पक्क्या प्रकारच्या कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग गेला तरी बाकीचे मिळून गेलेला भरून काढतात. मग तिच्या पेटीतून बाई बोलते, "चाळीस रुपये प्राप्त झाले." आणि पेटीतल्या बाईवर विश्वास न ठेवता भाजीवाली मला विचारते, "चाळीसच ना, मावशी?" मी म्हणते, "चाळीस." काका असते तर त्यांनी रजिस्टरात लिहिलं असतं.

१४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस. दादा तेव्हा मुंबईला होता. फोर्टातल्या तार ऑफिसाबाहेर रांग लागली होती, हयातीत कधी तार न केलेली तरुण पोरं स्वतःलाच तार करून घेत होती. दादा रांगेत उभा राहिला. आण्णा, माई, भाऊआजोबा, काका, कुणीच नव्हतं उरलं. आत्या होती, नाशिकला लेकाकडे आलेली, ऐंशीच्या पुढे, कानांनी अधू. दादानं रोमन अक्षरांत मजकूर लिहून दिला. खिडकीतल्या माणसानं तो वाचला आणि पेन टेकवून म्हणाला, "साहेब, तारीख आम्ही घालतोच. ही परत का लिहिलीत? आणि हे पुढचं काय आहे?"

"असू द्या," दादा म्हणाला. "आमच्याकडे पद्धत आहे."

तार दोन दिवसांनी पोचली. आत्याच्या सुनेनं कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. रविवार १४ आषाढ शुद्ध षष्ठी सर्व खुशाल. आत्यानं चष्मा चढवला, भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं, जुलैच्या पानावर बोट फिरवत चौदाच्या चौकोनाशी थांबली. वार बघितला. खालची बारीक अक्षरं सुनेला वाचायला लावली. मग दादाला फोन लावला आणि तो हॅलो म्हणायच्या आत, ट्रंक कॉलवर ओरडायची तशीच, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली:

"बरोबर आहे! परत म्हणू का?"